मशीनचं तेल आणि नदीचं सोनं

सपाट मुलखातल्या नदीत सोनं शोधणारा माणूस एक तर रिकामटेकडा असतो, नाही तर हट्टी. मी रिकामटेकडा नाही. आठवडाभर मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि रविवारी गुडघाभर पाण्यात वाकून वाळू धुतो. डोंगरातल्या ओढ्यांत म्हणे गव्हाएवढे दाणे सापडतात. आमच्या नदीनं डोंगर कधीच मागे टाकलेत. ती इथवर येते तीच थकून, प्रत्येक वळणावर बसत बसत, आणि तिच्यात सोनं असलंच तर त्याचं वाटेत दळून पीठ झालेलं असतं. असं पीठ वाळूतून वेगळं काढायचं म्हणजे कंबर, डोळे आणि संयम, तिन्ही शाबूत लागतात. माझ्याकडे तिसरी गोष्ट जन्मापासून नाही.

तरी मी जात होतो, कारण हे सोनं माझं नव्हतं, बाबांचं होतं. लग्नाआधी, दुकान टाकायच्याही आधी, बाबांनी याच नदीत लाकडी काथवटीत वाळू धुऊन सोनं काढलं होतं. काथवटीच्या काठाशी पिवळी रेघ उमटली होती, ती त्यांनी औषधाच्या छोट्या बाटलीत भरून ठेवली आणि घर बदलताना ती बाटली कुठं तरी गेली. एवढीच गोष्ट. पण आमच्या घरात ती इतक्या वेळा सांगितली गेली की तिची चेष्टा झाली. कात्री सापडत नसली की आई म्हणायची, बाबांच्या सोन्याशेजारी बघा. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, लहानपणी ती गोष्ट वर्गात सांगितली होती आणि अख्खा वर्ग तिला हसला होता. ती हे अजून विसरलेली नाही.

आता बाबा थकलेत. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, त्यांची खुर्ची असते. बॉबिन मागायचं असलं की शटल मागतात, माझ्या बायकोला कधी कधी ताईच्या नावानं हाक मारतात. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की हात थरथरतो. आणि गेल्या वर्षापासून ते नदीतल्या सोन्याबद्दल जास्तच बोलू लागले. ताईनं त्याचा अर्थ सरळ लावला. तिच्या शहरात तिचं औषधांचं दुकान आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत. तिचं म्हणणं, बाबांना भ्रम होतो आहे, त्यांना आता माझ्याकडे पाठव, इथं डॉक्टर हाकेवर आहेत. तिच्या घरी तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, खाली मशीनचा आवाज नाही, गिऱ्हाईक नाही, खिडकीतून दिसणार समोरची भिंत. बाबा तिथं महिनाभरात मिटून गेले असते. हे मला कळत होतं, बाबांना कळत होतं, ताईला कळत नव्हतं, आणि ती वाईट मुळीच नाही, म्हणून तर तिच्याशी भांडणं जास्त अवघड.

फोनवर एकदा माझा तोल गेला. मी म्हणालो, नदीत सोनं आहे म्हणजे आहे, भ्रम तुला झाला असेल. ती शांतपणे म्हणाली, "मग आणून दाखव. दाखवलंस तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दाखवलंस तर मोसम संपला की मी त्यांना न्यायला येते."

मोसम म्हणजे नदीचं पाणी कमी असतं तेवढे महिने. नंतर वरच्या धरणातून पाणी सोडतात आणि वाळूचे पट्टे बुडून जातात. माझ्या जिभेला हाड नाही हे बायको लग्नापासून सांगते आहे. त्या दिवशी तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि रविवारच्या डब्याला काय द्यायचं ते विचारलं.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी लोखंडी परात बनवून घेतली. रुंद, उथळ, एका बाजूला आतून चार-पाच कंगोरे. परातीत वाळू घ्यायची, पाण्याखाली धरून हलवायची, खडे काढायचे, मग तिरकी करून थोडी थोडी वाळू वाहू द्यायची. हलकं ते वरून जातं, जड ते कंगोऱ्यात अडकतं. शेवटी उरते ती काळी वाळू, आणि नशीब असेल तर तिच्या शेपटीला सोनं. शिकायला सोपं आहे. सापडायला नाही.

पहिल्या रविवारी मी ओली परात घेऊन परतलो तेव्हा बाबांनी ती हातात मागून घेतली. उलटीपालटी केली, बोटानं वाजवली, आणि म्हणाले, लोखंड आहे, पाण्यातून आलंय, रात्रीत गंजेल. त्यांनी फडकं मागितलं, मशीनच्या तेलाची कुपी मागितली, आणि मांडीवर जुनं कापड पसरून परातीला तेल चोळायला बसले. आमच्या दुकानाचा पहिला नियमच तो आहे, लोखंडाला कोरडं झोपवू नये. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी प्रत्येक हत्याराला तेलाचा हात फिरतो. मी हे चालण्याआधी शिकलो असेन. आणि गंमत अशी की फडकं फिरवताना बाबांचा हात थरथरत नव्हता. कंगोऱ्याच्या सांध्यात बोट घालून, काठाच्या खालून वळसा घेऊन, ते सगळीकडे सारखं तेल बसवत होते. कामावरचा तो माणूस मी फार दिवसांनी बघितला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ते खुर्चीत कापड पसरून माझी वाट बघू लागले.

आणि दर रविवारी मी हात हलवत परत येऊ लागलो.

सुरुवातीला मला राग नव्हता. मग नदीचा आला. हे वळण सोडून ते वळण धरलं, वाळू सोडून गवताची मुळं खणली, जुन्या पुलाच्या खांबाशी उकरलं. मग चाळणीचा राग आला, ती नवी घेतली. मग बायकोचा, कारण तिनं एकदा विचारलं की तुम्ही हलवता ते बरोबर हलवता ना. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या भुवया म्हणाल्या. मला मशीनमधला केसाएवढा फरक हाताला कळतो आणि परात हलवता येत नाही म्हणजे काय? काळी वाळू तर भरपूर निघत होती. काळी वाळू असते तिथं सोनं असायला हवं. ते नव्हतं. परातीतल्या पाण्यावर मात्र अधूनमधून बारीक पिवळट चमक तरंगायची. ती बघून मी आणखी चिडायचो. असं चमकणारं काही दिसलं की नवशिके नाचतात, ते अभ्रक असतं, हे मला ठाऊक होतं. सोनं जड असतं, ते बुडतं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मी ती चमक फुंकर मारून काठावरून घालवून द्यायचो आणि पुन्हा काळ्या वाळूत नाक खुपसायचो.

त्याच वळणावर एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. बारीक अंगाचे, टोपी घातलेले, बसायला पाटाएवढं स्टूल बरोबर आणणारे. त्यांच्याकडे हिरवी प्लास्टिकची परात होती, मुलांच्या खेळण्यासारखी. मी तिला मनातल्या मनात हसलो होतो. पण पोस्टमास्तरांना सापडायचं. दर वेळी नाही, पण सापडायचं. "एक कण," असं ते मान खाली घालून सांगायचे, जणू माझी माफी मागतायत. मी अभिनंदन करायचो आणि माझे दात एकमेकांवर घासले जायचे. त्यांच्या जागेवरची वाळू मी त्यांच्या परवानगीनं नेऊन धुतली. त्यातही काही नाही.

मोसम संपत आला. ताईनं येण्याचा दिवस कळवला. त्या रविवारी मी काळी वाळू पाण्यात भिरकावून दिली आणि काठावर बसून राहिलो. बाबांना काय सांगायचं हेच डोक्यात होतं. पोस्टमास्तरांना बहुधा दया आली. ते त्यांची परात घेऊन माझ्याकडे आले. तिच्यात काळ्या वाळूच्या शेपटीला चार-पाच पिवळे ठिपके होते, मिठाच्या कणाहून बारीक. मी खरं सोनं पहिल्यांदाच बघत होतो. ते म्हणाले, तुमच्या परातीत घालून देतो, तुम्ही हलवून बघा, म्हणजे ते कसं बसतं ते नजरेला कळेल, मग मी परत घेईन. एवढा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी ते सगळं पाण्यासकट माझ्या परातीत ओतलं.

मी हलकेच परात तिरकी केली. काळी वाळू खाली बसली. आणि पिवळे ठिपके वर आले. पाण्यावर पसरले, काठाकडे सरकले आणि पोस्टमास्तर काही म्हणायच्या आत नदीत गेले.

मग त्यांनी माझी परात ओढून घेतली, आतून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं.

"तेल लावता हिला?"

"रोज नाही," मी म्हणालो. "आठवड्यातून एकदा."

"परात आहे का डोकं आहे?" पोस्टमास्तर म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी मला समजावलं, दातओठ खात, पण समजावलं. आपल्या नदीचं सोनं म्हणजे पीठ. तेही चपटं. तेलकट भांड्यात त्याला तेल लागतं, मग पाणी त्याला भिजवत नाही, ते वरच राहतं आणि पहिल्या लाटेबरोबर जातं. लोखंडी परात आणली की आधी विस्तवावर तापवून तिचं तेल जाळतात. ते स्वतः तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकतात. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी पिवळट चमक येत होती, जिला मी अभ्रक म्हणून रविवारमागून रविवार फुंकर मारली. सगळा मोसम बाबांचं सोनं माझ्या परातीत येत होतं आणि मी ते स्वतःच्या तोंडानं नदीला परत करत होतो. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं. मागच्या खोलीत गेलो तर बाबा कापड पसरून बसलेले, कुपी हाताशी. माझा चेहरा बघून म्हणाले, "नाही ना? सापडेल. हत्यार नीट असलं की काम होतंच. आण इकडे." मी परात त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचं बोट कंगोऱ्यातून फिरायला लागलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर चिडलो. तिनं ऐकून घेतलं आणि साबणाची बाटली माझ्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी परात साबणानं घासली. राखेनं घासली. तारेच्या काथ्यानं घासली. तेल कंगोऱ्यांच्या सांध्यात बसलेलं, हाताला लागेना पण पाण्यावर दिसे. त्यातच दुपारी बाबांची नजर तिच्यावर गेली. "कुणी घासली ही? पार रया घालवली," असं म्हणून त्यांनी तिला दुप्पट तेल पाजलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला कळलं. शेवटी मी पोस्टमास्तरांना फोन केला. त्यांच्याकडे एक जादा प्लास्टिकची परात होती. ती मी दुकानात जुन्या मशीनच्या झाकणाखाली लपवली, वयात आलेली मुलं सिगारेट लपवतात तशी.

ताई यायची तो रविवार शेवटचाच होता. धरणाचं पाणी दुपारी सुटणार अशी सूचना लागली होती. मी उजाडताच नदीवर गेलो. लोखंडी परात घरातून नेली होती, बाबांनी खिडकीतून बघावं म्हणून, पण ती सायकलला तशीच बांधून ठेवली. हिरव्या परातीत साबणाचा थेंब टाकला आणि धुवायला लागलो. दोन वेळा काही नाही. मी शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी काळ्या वाळूच्या शेपटीला एक ठिपका दिसला आणि मी परात हलवली तरी तो हलला नाही. बसला होता. जड होता. पाणी वाढू लागून पोस्टमास्तर हाका मारेपर्यंत मी धूत राहिलो. बाटलीच्या तळाशी जे जमलं ते नखावर मावलं असतं, पण उन्हात धरलं की पिवळं दिसत होतं, आणि त्याला कुणी अभ्रक म्हणालं नसतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी वाटलं, एवढं तर सगळा मोसम दर रविवारी मिळालं असतं. घरात शिरण्याआधी मी अंगणातल्या नळाखाली लोखंडी परात ओली करून घेतली.

ताई आलेली होती. बाबांचे कपडे घडी करून पलंगावर ठेवलेले दिसले. मी बाटली तिच्या हातात दिली. ती औषधवाली बाई, बाटल्या उजेडात धरायची तिला सवय. तिनं ती धरली, हलवली, सोनं तळाशी लगेच बसलेलं बघितलं. बराच वेळ बघत होती.

"नदीतलं?" तिनं विचारलं.

"नदीतलं."

"म्हणजे मी वर्गात खोटं बोलले नव्हते," ताई म्हणाली, आणि पन्नाशी उलटलेली माझी बहीण पलंगावर त्या कपड्यांशेजारी बसली.

बाबांनी बाटली घेतली. भिंगातून बघितली. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा सांगितलं नव्हतं का म्हणतील. त्यांनी मान डोलावली आणि ताईला म्हणाले, "तेलाचा गुण आहे हा. दर रविवारी मी स्वतः परातीला तेल लावत होतो. हत्याराची निगा राखली की नदीसुद्धा देते." ताईनं हसून डोळे पुसले. माझ्या कानशिलाची शीर तडतडत होती. बायको केव्हाची माझ्या पायावर पाय देऊन उभी होती. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातलं तेवढं मोठं गप्प बसणं दुसरं नाही. ताई म्हणाली की ठीक आहे, बाबा इथंच राहू देत, पण मागच्या पायऱ्यांना कठडा लावून घे, आणि ती कपडे परत कपाटात ठेवून बायकोबरोबर चहा करायला गेली.

बाबांनी लोखंडी परात मागितली. मी दिली. त्यांनी तेल घेतलं नाही. परात खिडकीकडे तिरकी धरून त्यांनी आतून अंगठा फिरवला.

"ही आज नदीत गेलीच नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, गेली होती, बघा की ओली आहे.

"धाकट्या, ओली नळाखालीही होते. वाळूत गेलेल्या पत्र्यावर ओरखडे असतात. मी मागं लावलेलं तेल जसंच्या तसं आहे. वाळूचा एक कण नाही कंगोऱ्यात. कशानं काढलंस सोनं?"

मग मी सांगितलं. पोस्टमास्तर, साबण, हिरवी परात, सगळं. तेलामुळे सोनं तरंगतं हे सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. बाबांनी अंगठ्याला लागलेलं तेल मांडीवरच्या कापडाला पुसलं. मग म्हणाले, "काथवटीला मी कधी तेल लावलं नव्हतं. लाकूड होतं ते." माझ्याकडे बघून म्हणाले, "कळल्यावर लगेच सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग? मशीनमध्ये चूक गिऱ्हाइकाची असली तर आपण सांगत नाही का त्याला? ताईला वाटतं मला काही कळत नाही. तुला वाटतं मला काही सांगण्यात अर्थ नाही. दोघांत फरक काय रे?"

ताईचं म्हणणं खोटं पाडायला इतके महिने कंबर मोडली होती, आणि शेवटी मी तिच्याच रांगेत उभा होतो. मी विचारलं, मग तिच्यासमोर तेलाचं का बोललात? ते म्हणाले की तुझ्या बायकोनं तुझा पाय दाबलेला मला दिसला, काही तरी लपवताय हे कळलं, काय ते कळेपर्यंत तुला उघडं कशाला पाडू.

स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. बाबांनी परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, उद्या विस्तवावर तापव, सगळं तेल जाळ, आणि ही घेऊन जा. काथवटीच्या काठाला रेघ उमटायची, तशी हिच्यात उमटलेली मला बघायची आहे.

"बाबा, पाणी सुटलं. पट्टे बुडाले. आता पुढच्या मोसमातच."

ते नदीच्या बाजूला बघायला लागले. तिथून नदी दिसत नाही. त्यांचा हात पुन्हा थरथरत होता.

"म्हणजे ही आता वर्षभर माळ्यावर."

"हो."

"मग आण ती कुपी."

मी कुपी आणली. त्यांनी मांडीवरचं कापड सारखं केलं, परात ओढून घेतली आणि काठाच्या खालून सुरुवात केली. हात स्थिर झाला. कंगोऱ्याच्या सांध्यापर्यंत आले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वेळी नेण्याआधी हे जाळायचं. मी विसरलो तर मला सांग."

मी हो म्हणालो, आणि दिवा त्यांच्याजवळ ओढला.